लिव्हरपूलमध्ये बसून काम करायचं, तर...

ज्याला रोज कचेरी गाठावी लागत नाही, तो माणूस ब्रिटनमध्ये येऊन लंडनचं भाडं का भरतो, हे मला कधी कळलेलं नाही. लॅपटॉप उघडला की काम सुरू आणि मिटला की संपलं, अशी ज्याची नोकरी आहे, त्याने निवाऱ्याचा विचार करताना एकदा बंदरांच्या शहरांकडे नीट बघावं. ब्रिस्टल, कार्डिफ, साउथॅम्प्टन, हल या प्रत्येकाचे आपापले गुण आहेत. माझा कौल लिव्हरपूलला. मर्सी नदीच्या मुखाशी वसलेलं, साधारण पाच लाख वस्तीचं हे शहर पायी फिरून कळतं, भाडी लंडनच्या मानाने बरीच कमी आहेत, आणि लाइम स्ट्रीट स्थानकातून लंडनचं यूस्टन साधारण सव्वादोन तासांवर आहे. महिन्यातून एखादी बैठक लंडनला असेल तर सकाळी जाऊन रात्री घरी येता येतं. फक्त तिकीट आधी काढून ठेवा, ऐन वेळचं तिकीट फार महाग पडतं.

पण शहर नंतर, आधी कागद. ब्रिटनमध्ये ‘डिजिटल नोमॅड’ असा वेगळा व्हिसा नाही. ३१ जानेवारी २०२४पासून नियमांत एवढं स्पष्ट झालं आहे, की पर्यटक म्हणून आलेल्या माणसाने आपल्या परदेशातल्या नोकरीचं काम इथून केलं तरी चालतं, मात्र काम करणं हा येण्यामागचा मुख्य हेतू असता कामा नये. म्हणजे मुलीकडे महिनाभर आलात आणि सकाळी चार तास पुण्याच्या टीमशी बोललात तर हरकत नाही. सहा महिने लिव्हरपूलला घर घेऊन तिथून नोकरी करू, असा बेत मात्र या व्हिसावर आखू नका.

विद्यार्थ्यांनी याबाबत जास्तच जपायला हवं. पदवी वा त्यावरच्या अभ्यासक्रमाला असलेल्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि भारतातल्या कंपनीसाठी खोलीत बसून केलेलं कामही त्यात धरलं जातं. फ्रीलान्स तर विद्यार्थी व्हिसावर मुळीच चालत नाही. ‘भारतातल्याच ओळखीच्या माणसाची वेबसाइट करून देतोय, कोणाला कळणार?’ हा विचार पुढच्या व्हिसाच्या वेळी अंगाशी येऊ शकतो. सगळ्यांत मोकळीक असते ती स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला. तो किंवा ती जवळपास कुठलंही काम करू शकते, भारतातली जुनी नोकरीसुद्धा चालू ठेवू शकते. १८ ते ३० वयाच्या पदवीधरांसाठी ‘इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम’ आहे. तिची सोडत निघते, नंबर लागला तर दोन वर्षं राहून काम करता येतं, मुदत वाढवून मिळत नाही. ज्यांना इथल्या कंपनीनेच स्पॉन्सर केलं आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं. कचेरीत जाणं बंद करून कायमचं घरून काम सुरू केलं, तर ते कंपनीने होम ऑफिसला, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याला, कळवायचं असतं. व्यवस्थापकाने तोंडी ‘हो’ म्हटलं एवढ्यावर लंडनचं घर सोडून लिव्हरपूल गाठू नका.

कराच्या बाबतीत एक गैरसमज जवळपास प्रत्येक घरात ऐकू येतो. पगार पुण्याच्या खात्यात, रुपयांत जमा होतो, मग ब्रिटनचा काय संबंध? संबंध आहे. तुम्ही इथले रहिवासी झालात आणि काम लिव्हरपूलच्या टेबलावर बसून केलंत, तर तो पगार ब्रिटनमध्ये कमावलेला धरला जातो, मग तो जमा कुठेही होवो. एप्रिल २०२५पासून नव्याने येणाऱ्यांना पहिली चार वर्षं परदेशी उत्पन्नावर सवलत मागता येते, पण ती भारतातल्या घराचं भाडं, ठेवींचं व्याज अशा उत्पन्नासाठी आहे; इथे बसून मिळवलेल्या पगाराला ती लागू नाही. शिवाय ती मागितली, की १२,५७० पौंडांची करमुक्त मर्यादा सोडावी लागते. इथलं करवर्ष ६ एप्रिलला सुरू होऊन ५ एप्रिलला संपतं. स्वतः विवरणपत्र भरायचं असेल तर वर्ष संपल्यावर ५ ऑक्टोबरच्या आत नोंदणी आणि ३१ जानेवारीपर्यंत ऑनलाइन विवरणपत्र, असा क्रम आहे. भारत आणि ब्रिटनमध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, तेव्हा त्याच पैशावर दोनदा कर भरावा लागू नये. पण त्यासाठी दोन्हीकडचे कागद जुळायला हवेत. पहिल्या वर्षी दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या लेखापालाला पैसे द्या, ते वाया जाणार नाहीत. भारतातलं साधं बचत खातं अनिवासी भारतीयांचं एनआरओ खातं करून घेण्याचं कामही निघण्यापूर्वीच उरका.

आणि तुमच्या भारतातल्या कंपनीची परवानगी लेखी घ्या. कर्मचारी परदेशात बसून काम करतो म्हटल्यावर कंपनीवर तिथल्या कराची, विम्याची, ग्राहकांच्या माहितीच्या सुरक्षिततेची जबाबदारी येऊ शकते. त्यामुळे कित्येक कंपन्या वर्षातले ठरावीक दिवसच अशी मुभा देतात. व्हीपीएन लावून पुण्यात असल्यासारखं दाखवण्याचा मार्ग कुणी सुचवला तर ऐकू नका. नोकरी जाण्याचा तो सगळ्यांत सोपा रस्ता आहे.

आता घर. माझ्या मते सगळं यावर ठरतं, कारण तुमच्यासाठी घर हीच कचेरी आहे, आणि बहुतेक लोक घर बघताना फक्त घर बघतात. आधी महिनाभरासाठी तात्पुरती जागा घ्या आणि मग शहरात फिरून कायमचं शोधा. ही महिनाभराची जागा घेताना एप्रिलमधली एन्ट्री मैदानावरची ग्रँड नॅशनल ही घोड्यांची शर्यत आणि अ‍ॅनफिल्डवरचे मोठे फुटबॉल सामने यांच्या तारखा बघून घ्या, त्या दिवसांत खोल्यांचे दर भडकतात. घर बघायला शनिवारी जाऊ नका. कामाच्या दिवशी, तुमच्या कामाच्या वेळेला जा. टेबल जिथे ठेवणार त्या कोपऱ्यात पाच मिनिटं गप्प उभे राहा. शेजारच्या भिंतीतून टीव्ही ऐकू येतो का, समोर इमारतीचं काम चालू आहे का, मोबाइलला रेंज आहे का, ते तिथेच कळतं. शक्य असेल तर त्याच जागेवरून कुणाला तरी व्हिडिओ कॉल करून बघा.

लिव्हरपूलमधली बरीच भाड्याची घरं व्हिक्टोरियन काळातली, एकमेकांना भिंत लावून ओळीने उभी असलेली विटांची घरं आहेत. देखणी असतात, छत उंच असतं, आणि थंडही असतात. खिडक्यांच्या कोपऱ्यांत काळी बुरशी आहे का ते बघा. कपाट भिंतीपासून जरा सरकवून मागची भिंत हाताने चाचपा. एकाच भिंतीवर एवढ्याशा भागात ताजा रंग दिसला, तर त्याखाली काय आहे ते विचारायला लाजू नका. प्रत्येक घराला ऊर्जेचं प्रमाणपत्र असतं, ए ते जी अशा श्रेणींचं. भाड्याने द्यायच्या घराला सर्वसाधारणपणे किमान ई श्रेणी लागते, आणि पोस्टकोड घालून हे प्रमाणपत्र सरकारी संकेतस्थळावर फुकट बघता येतं. घरून काम करणाऱ्याने सी किंवा त्याहून वरचंच घर धरावं असं मी आग्रहाने सांगेन. नोकरीला जाणारा माणूस सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास हीटर लावतो. तुम्हाला तो दिवसभर लागणार. एजंट सांगतो तो बिलाचा अंदाज बाहेर जाणाऱ्या माणसाचा असतो. शहराच्या मध्यभागातल्या काचेच्या नव्या फ्लॅट्समध्ये बऱ्याचदा गॅस नसतो, विजेचे हीटर असतात, आणि इथे वीज गॅसपेक्षा कितीतरी महाग आहे. ‘बिलं भाड्यातच’ असं जाहिरातीत लिहिलं असलं, तरी त्याला वरची मर्यादा घातली आहे का ते करारात वाचा.

अनामत रक्कम पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ती ३० दिवसांच्या आत सरकारमान्य अनामत योजनेत जमा करावी लागते. नव्या माणसाकडे इथली पत नसते, जामीनदार नसतो, म्हणून पूर्वी सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागत. नव्या भाडेकरू कायद्याने १ मे २०२६पासून एका महिन्याहून जास्त आगाऊ भाडं घेण्याला बंदी केली आहे. भाडेकरूच्या दृष्टीने हे चांगलंच झालं, पण त्यामुळे घरमालक जामीनदारासाठी जास्त अडून बसतात. नोकरीचं पत्र, शेवटच्या काही महिन्यांच्या पगारपावत्या आणि बँकेची पत्रकं एका फाइलमध्ये तयार ठेवा. घर भाड्याने घ्यायला तुमचा ई-व्हिसा दाखवणारा शेअर कोडही लागेल. भाड्याशिवाय महापालिकेचा कौन्सिल टॅक्स असतो. एकट्या राहणाऱ्याला त्यात २५ टक्के सूट मिळते, पूर्णवेळ विद्यार्थ्यांच्या घराला तो माफ असतो. ही सूट आपोआप मिळत नाही, मागावी लागते.

इंटरनेटचं घर घेण्याआधी बघायचं, नंतर नव्हे. एकाच रस्त्यावर एका बाजूला फायबर थेट घरात आलेलं असतं आणि दुसऱ्या बाजूला रस्त्यावरच्या पेटीपासून पुढे जुनी तांब्याची तार असते. पोस्टकोड घालून तपासा, आणि डाउनलोडच्या आकड्यावर भुलू नका. दिवसभर व्हिडिओवर बोलणाऱ्याला अपलोडचा वेग लागतो. जोडणी करणारा माणूस यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, तोवर मोबाइलचं डेटा सिम हाताशी असू द्या आणि नंतरही ते राखीव ठेवा.

कुठे राहावं? तरुण आणि एकटे असाल तर बाल्टिक ट्रँगल किंवा गोदीच्या बाजूचे फ्लॅट आवडतील. मॅथ्यू स्ट्रीट आणि कॉन्सर्ट स्क्वेअर या पब-क्लबांच्या भागांच्या आसपास मात्र शुक्रवार-शनिवार झोप विसरा. कुटुंब असेल तर एगबर्थ, अ‍ॅलर्टन, मॉस्ली हिल या दक्षिणेकडच्या वस्त्या; सेफ्टन पार्क जवळ. मला स्वतःला उत्तरेकडचं वॉटरलू जास्त पटतं. मर्सीरेलच्या गाडीने मध्य शहर वीसेक मिनिटांवर, आणि स्थानकातून चालत किनारा. पुढे क्रॉस्बीच्या वाळूत अँटनी गॉर्मलीने उभे केलेले शंभर लोखंडी पुरुष समुद्राकडे तोंड करून आहेत. त्यांच्यातल्या लांबच्या पुतळ्यांपर्यंत चालत जाऊ नका, तिथे चिखलात पाय रुततो आणि भरती झपाट्याने येते.

स्वयंपाकघराबद्दल दोन शब्द, कारण हे कुणी सांगत नाही. फ्लॅट्समधले धुराचे अलार्म मोहरी-मिरचीच्या फोडणीला ताबडतोब ओरडतात, आणि काही इमारतींत तुमच्या घरचा अलार्म साऱ्या जिन्यावर वाजतो. पंखा आधी लावा, खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार लावून घ्या आणि तेल धुरावेपर्यंत तापवू नका. इंडक्शन शेगडी असेल तर भारतातून आणलेला अ‍ॅल्युमिनियमचा कुकर चालत नाही, सपाट बुडाचा स्टीलचा, इंडक्शनला चालणारा आणा. मिक्सर चालतो, दाब २३० व्होल्टच आहे. फक्त प्लग बदलावा लागतो.

घड्याळाचं गणित नीट समजून घेतलं नाही, तर चांगलं घर घेऊनही दिवस हातातून जातो. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनची घड्याळं एक तास पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. उन्हाळ्यात भारत साडेचार तास पुढे, हिवाळ्यात साडेपाच. पुण्यातली दहा वाजताची बैठक उन्हाळ्यात तुमच्या पहाटे साडेपाचला आणि हिवाळ्यात साडेचारला येते. वर्षभर पहाटे उठण्यात काही शहाणपण नाही. भारतीय वेळेनुसार दुपारी बारा ते रात्री नऊ अशी पाळी मागून घ्या. उन्हाळ्यात ती साडेसात ते साडेचार होते, हिवाळ्यात साडेसहा ते साडेतीन. अमेरिकेच्या टीमबरोबर काम असेल तर न्यूयॉर्क एरवी पाच तास मागे असतं, पण त्यांची घड्याळं वेगळ्या रविवारी बदलतात. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर एक आठवडा हे अंतर चारच तासांचं राहतं. त्या दिवसांत बैठका हमखास चुकतात. कॅलेंडरमध्ये आत्ताच खूण करून ठेवा.

हिवाळ्याकडे मात्र गांभीर्याने बघा. डिसेंबरात लिव्हरपूलला सकाळी आठ वाजून गेल्यावर उजाडतं आणि दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. साडेतीनला काम संपवून फिरायला जाऊ म्हटलं तर पायात बूट घालेपर्यंत अंधार पडतो. म्हणून दुपारी बारा ते एक ही वेळ कॅलेंडरवर बंद करा आणि पाऊस असो, वारा असो, बाहेर पडा. आयरिश समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यापुढे छत्री टिकत नाही, टोपीचं जलरोधक जाकीट घ्या. ऑक्टोबर ते मार्च सगळ्यांनीच रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा, असं इथली आरोग्यसेवा सांगते, आणि सावळ्या किंवा काळ्या वर्णाच्या लोकांनी वर्षभर. घरात बसून काम करणाऱ्या भारतीय माणसाला हे दोन्ही बाजूंनी लागू आहे. पहिल्याच आठवड्यात जवळच्या जीपीकडे, म्हणजे आरोग्यसेवेच्या स्थानिक डॉक्टरकडे, नाव नोंदवा. नोंदणीला पैसे पडत नाहीत, आणि व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार तर तुम्ही आधीच भरलेला असतो. आजारी पडल्यावर नोंदणीला धावणं बरं नव्हे. तातडीचं पण जिवावरचं नसेल तर १११ला फोन करा, जिवावर बेतलं असेल तर ९९९ला.

रोज घरातच बसू नका. विल्यम ब्राउन स्ट्रीटवरची सेंट्रल लायब्ररी कुणालाही खुली आहे, फुकट वाय-फाय आहे. तिथली १८७९ची पिक्टन रीडिंग रूम एकदा तरी बघाच: गोल खोली, वर घुमट, भिंतीभर पुस्तकं, आणि अशी शांतता की लिहिण्याचं काम दुप्पट वेगाने होतं. तिथे फोनवर बोलायचं नाही, त्यामुळे बैठका नसलेला दिवस निवडा. बैठकांच्या दिवशी सहकामाच्या जागा भाड्याने मिळतात. बाल्टिक ट्रँगलमधल्या जुन्या गोदामांत त्या आहेत, आणि कॉटन एक्स्चेंजच्या इमारतीतही आता कचेऱ्या भाड्याने देतात. या नावाशी आपलं नातं आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेतल्या यादवीने तिकडचा कापूस अडला, लिव्हरपूलचा भाव चढला आणि त्या भावावर मुंबईत लोक गब्बर झाले. युद्ध संपताच १८६५मध्ये तेच लोक बुडाले. दूर बसून लिव्हरपूलशी व्यवहार करण्याची आपली सवय तेवढी जुनी आहे.

माणसं बोलकी आहेत, हा या शहराचा सर्वांत मोठा गुण. बसथांब्यावर, दुकानात, लिफ्टमध्ये कुणीही बोलायला लागतं. उच्चार पहिले काही दिवस कानाला झेपत नाहीत; ‘पुन्हा सांगाल का?’ असं खुशाल विचारा, कुणी रागावत नाही. एका बाबतीत मात्र जपा. १९८९मध्ये हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूल फुटबॉल क्लबचे ९७ चाहते गेले. त्यानंतर ‘द सन’ या वृत्तपत्राने चाहत्यांवरच खोटे आरोप छापले. शहराने त्या वृत्तपत्रावर घातलेला बहिष्कार अजून टिकून आहे. ते हातात घेऊन फिरू नका आणि त्या विषयावर थट्टा करू नका. ज्या घरी तुम्ही चहाला जाल, त्या घरातला कुणी तरी त्या दिवशी मैदानात असू शकतो.

ओळखी आपोआप होत नाहीत, कारण कचेरीच नाही. म्हणून आठवड्यात एक ठरलेली जागा हवी. शनिवारी सकाळी नऊला प्रिन्सेस पार्कमध्ये पार्करन असतं, पाच किलोमीटर, फुकट, चालत गेलात तरी चालतं. एगबर्थला लिव्हरपूल क्रिकेट क्लबचं मैदान आहे, तिथे लँकशरचे सामनेही होतात. एज लेनवर राधाकृष्ण मंदिर आहे. पोहे, गूळ, चांगली डाळ एकदम भरून आणायची तर मँचेस्टरच्या विल्म्स्लो रोडची फेरी करा.

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे आणि बहुतेक भारतीय ते करत नाहीत. भारत राष्ट्रकुलात असल्याने इथे व्हिसावर कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला ब्रिटनच्या मतदारयादीत नाव घालता येतं आणि मतही देता येतं, नगरसेवकापासून खासदारापर्यंत. यादीत नाव असलं की बँक आणि मोबाइल कंपनीपुढे तुमची पत उभी राहायलाही मदत होते. घराचा करार झाला, त्याच आठवड्यात नाव नोंदवा. लिव्हरपूल महापालिकेच्या सगळ्या जागांची निवडणूक २०२३मध्ये झाली, ती दर चार वर्षांनी होते. पुढची मे २०२७मध्ये आहे.